स्टेशनाची कुळकथा

उल्हास नदीच्या काठी दहिवली हे गाव आहे. नदीवरचा पूल ओलांडला की कर्जत लागते. तेथील एक आजी एके दिवशी सकाळी आपल्या नातवाला म्हणाली, "चल लवकर, ठेसनावर गाडी यायची वेळ झाली."

नातू सहावीत शिकत होता. तो हसून म्हणाला, "अगं आजी, ठेसन नव्हे, स्टेशन म्हणावं!"

"माझ्या तोंडात ठेसनच बसलंय, बाळा," असे म्हणून आजी गप्प झाली. वाटेत ती फारशी बोलली नाही.

आपले काहीतरी चुकले, असे मुलाला वाटत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने ही हकीकत वर्गात गुरुजींना सांगितली. गुरुजी म्हणाले, "चूक कोणाची, ते ठरविण्यापूर्वी या शब्दाचे कूळ शोधू या." त्यांनी त्या दिवशी जे सांगितले, ते असे.

'स्टेशन' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. परंतु तो मूळचा इंग्रजीही नव्हे. प्राचीन रोमन लोकांची भाषा लॅटिन. त्या भाषेत 'स्तारे' म्हणजे उभे राहणे, आणि 'स्तातिओ' म्हणजे उभे राहण्याची जागा. पहारेकरी जेथे उभा राही, ती त्याची चौकी म्हणजे 'स्तातिओ'. हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत गेला आणि 'स्टेशन' झाला. त्या वेळी जगात आगगाडी नव्हती. ती पुढे एकोणिसाव्या शतकात आली, तेव्हा तिच्या उभे राहण्याच्या जागेला हेच जुने नाव मिळाले.

आता आपल्या बोलण्याकडे लक्ष द्या. "गाडी कर्जतला उभी राहते," असे आपण म्हणतो. ती तेथे उगाच उभी राहत नाही. पुढे बोरघाट आहे. मुंबई-पुणे लोहमार्गाचा हा घाट १८६३ साली खुला झाला. त्यात काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते. आगगाडीला ही चढण फार कठीण असते. म्हणून घाट चढणाऱ्या पुष्कळ गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरून बटाटेवडा घेतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शब्दाचा 'उभे राहणे' हा अर्थ आजही त्या फलाटावर असा दिसतो.

उभे राहण्याच्या या एका अर्थातून इंग्रजीत अनेक अर्थ निघाले. कंपनी सरकारचे अधिकारी जेथे नेमले जात, ते त्यांचे 'स्टेशन' असे. उन्हाळ्यात ते डोंगरावर राहू लागले, तेव्हा 'हिल स्टेशन' हा शब्द रूढ झाला. आपल्या तालुक्यातील माथेरान त्यांपैकीच एक. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तेथे गेले आणि त्यानंतर तेथे वस्ती वाढली. विजेच्या कारखान्याला 'पॉवर स्टेशन' म्हणतात. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. समाजातील माणसाच्या दर्जालाही इंग्रज लोक 'स्टेशन' म्हणत. आपणही 'समाजात त्यांचे मोठे स्थान आहे' असेच म्हणतो.

तुम्ही वह्या आणि पेन्सिली ज्या दुकानातून आणता, त्यावर 'स्टेशनरी' अशी पाटी असते. या शब्दाचा आगगाडीशी काय संबंध? मध्ययुगात युरोपातील पुष्कळ विक्रेते पाठीवर माल घेऊन गावोगाव फिरत. पुस्तके विकणारे मात्र विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडून बसत. एका जागी राहणारा, म्हणून तो 'स्टेशनर'. आणि त्याच्याकडील लेखनसाहित्य ती 'स्टेशनरी'!

येथपर्यंत ही कथा परमुलखातील झाली. आता ती आपल्या घरी येते. संस्कृतात 'स्था' असा एक धातू आहे. त्याचा अर्थ उभे राहणे, थांबणे. त्यापासून स्थान, स्थिर, स्थिती, संस्था हे शब्द झाले. लॅटिन 'स्तारे' आणि संस्कृत 'स्था' यांचे हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतातील 'मातृ' तो लॅटिनमधील 'मातेर'. संस्कृतातील 'सप्त' तो लॅटिनमधील 'सेप्तेम'. अशी जोड्यांमागून जोड्या सापडतात. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडला. पुढील अभ्यासाने तो विचार दृढ झाला. म्हणजे 'स्थान' आणि 'स्टेशन' हे शब्द एकमेकांचे दूरचे भाऊबंद होत. एस.टी.च्या 'स्टँड'मधील 'स्टँड' हाही याच कुळातला.

मात्र केवळ आवाज सारखा वाटला म्हणून नाते जोडू नये. 'स्टॉप' या शब्दाचा अर्थही थांबणेच आहे. पण तो या कुळातला नाही. त्याचा जुना अर्थ बोळा कोंबून भोक बुजविणे असा होता. शब्दांचे नाते सांगताना पुरावा पाहावा लागतो.

संस्कृत 'स्थान' लोकांच्या तोंडी आले, तेव्हा त्याचे काय झाले? प्राकृतात त्याचे 'ठाण' झाले. शब्दाच्या आरंभीचा 'स' गळून पडला. असे अनेक शब्दांत घडले. जेथे पुढचे अक्षर 'क' किंवा 'त' होते, तेथे त्याचे 'ख' किंवा 'थ' झाले: 'स्कंध'चा खांदा झाला, 'स्तोक'पासून थोडा झाला. 'ठाण' तर मराठीत चांगलेच रुजले. घोडा बांधण्याची जागा ती ठाण. शिवकाळात सैन्याची चौकी ते ठाणे, आणि तिचा अधिकारी ठाणेदार. इंग्रजी 'पोलीस स्टेशन'ला आपण 'पोलीस ठाणे' म्हणतो, तेव्हा एका भावाच्या जागी दुसरा भाऊ उभा करतो.

ठाणे शहराचे नावही यातलेच. शिलाहार राजांच्या काळात त्याचे नाव 'श्रीस्थानक' होते. १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी मुंबईच्या बोरीबंदरहून निघाली आणि चौतीस किलोमीटर धावून ठाण्याला पोहोचली. 'स्टेशन' हा शब्द आगगाडीबरोबर आला आणि पहिल्याच दिवशी आपल्या भावाच्या गावी उतरला!

गुरुजींनी मग फळ्यावर चार शब्द लिहिले: स्थान, ठाण, स्टेशन, ठेसन. मुले क्षणभर पाहत राहिली. नंतर त्या मुलाने हात वर केला.

"गुरुजी, 'ठेसन'मध्येही आरंभीचा 'स' गेला, आणि 'ट'चा 'ठ' झाला!"

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "आपल्या पूर्वजांनी 'स्थान'चे 'ठाण' केले, त्याच वाटेने तुझ्या आजीने 'स्टेशन'चे 'ठेसन' केले. लिहिताना आपण स्टेशन किंवा स्थानक लिहावे. प्रमाण लेखनाला एक शिस्त असते. परंतु कोणाच्या बोलण्याला हसू नये. आज आपण ज्याला शुद्ध मराठी म्हणतो, त्यातील किती तरी शब्द एके काळी अशाच साध्या माणसांच्या तोंडी घडले आहेत."

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा घरी गेला. आजी ओट्यावर तांदूळ निवडीत बसली होती. तो तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आजी, पुन्हा ठेसनावर कधी जायचं?"

आजीने त्याच्याकडे पाहिले आणि ती हसली.

अभ्यास

१. 'स्टेशन' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? तो कर्जतच्या फलाटावर कसा दिसतो?
२. लेखनसाहित्याला 'स्टेशनरी' हे नाव का पडले?
३. 'स्टॉप' हा शब्द या कुळातला का नाही? त्यावरून कोणता बोध घ्यावा?
४. "एका भावाच्या जागी दुसरा भाऊ उभा करतो," असे गुरुजी का म्हणाले?
५. पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा: ठाण मांडून बसणे, तोंडात बसणे.
६. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे इंग्रजी शब्द कसे उच्चारतात, ते आदराने ऐका. असे पाच शब्द लिहा व त्यांत कोणते अक्षर बदलले किंवा गळले, ते सांगा.