पहिली दुर्बीण : पालकांस कोणता सल्ला द्यावा?

ग्रहमालेचा पाठ झाला की वर्गातील एखादे मूल घरी दुर्बिणीचा हट्ट धरते आणि चार दिवसांनी पालक शाळेत येऊन विचारतात, "गुरुजी, कोणती घ्यावी?" खेड्यात हा प्रश्न विचारण्याजोगे दुसरे ठिकाण बहुधा नसते. हंगामाच्या पैशातून घेतलेली दुर्बीण निकामी निघाली तर पैसा वाया जातोच. शिवाय आकाशात पाहण्यासारखे काही नसते, असा समज मुलाच्या मनात दृढ होतो. ही दुसरी हानी अधिक मोठी होय. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे शिक्षकास अवगत असणे अगत्याचे आहे.

१. दुर्बिणीचे खरे काम

दुर्बीण म्हणजे लहान वस्तू मोठी करून दाखविणारे यंत्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करण्याचे. पावसात वाटी ठेवली तर थोडे पाणी साठते, परात ठेवली तर पुष्कळ साठते. तद्वतच रुंद भिंग अधिक प्रकाश गोळा करते. अंधारात मनुष्याच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर रुंद होते. ७० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग तिच्या दहापट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने शंभरपट असते. नुसत्या डोळ्यांस न दिसणारे तारे दुर्बिणीतून दिसतात ते यामुळेच. म्हणून वस्तुभिंगाचा अथवा आरशाचा व्यास किती, हा प्रश्न प्रथम विचारावा.

२. खोक्यावरील आकडे

वस्तुभिंगाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागिले असता वर्धन मिळते. नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असलेल्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास वर्धन २८ पट होते. १० मिलिमीटरची लावल्यास ७० पट. याप्रमाणे नेत्रिका बदलून वर्धन कितीही वाढविता येते, परंतु गोळा झालेला प्रकाश तेवढाच राहतो. तो अधिक पसरला की प्रतिमा मंद व पुसट होते. व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुपटीहून अधिक वर्धन उपयोगी पडत नाही, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा सुमारे १२० पट. अशा दुर्बिणीच्या खोक्यावर "५०० पट" असे ठळकपणे छापलेले असेल, तर ते ती न घेण्याचेच कारण समजावे. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले, ते अवघ्या वीसपट वर्धनाच्या दुर्बिणीतून.

खोक्यावरील रंगीत तेजोमेघांची चित्रेही दिशाभूल करितात. ती छायाचित्रे दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. डोळ्यांस तेजोमेघ फिकट, करड्या धुक्यासारखा दिसतो. हे मुलास आधीच सांगितल्यास त्याची निराशा टळते.

३. बैठक

दुर्बीण प्रतिमेप्रमाणे हादराही वाढविते. डळमळीत तिपाईवर उत्तम भिंगही व्यर्थ जाते, कारण बोट लागताच चंद्र दृष्टीआड होतो. नळीवर हलकेच टिचकी मारावी. प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिर न झाल्यास ती बैठक कामाची नाही.

४. ऐपतीप्रमाणे निवड

खर्चाची पहिली पायरी शून्य रुपयांची आहे. ज्यास मृग, कृत्तिका व रोहिणी ओळखता येत नाहीत, त्यास दुर्बीण कोठे रोखावी हेच उमगत नाही. म्हणून प्रथम महिनाभर कुटुंबाने अंगणात बसून नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखावीत. शहरात दिव्यांच्या उजेडाने आकाश धुवून निघते. खेड्यास लाभलेला अंधार हे विनामूल्य साधन आहे.

दुसरी पायरी द्विनेत्री दुर्बिणीची. बाजारात तिला बायनॉक्युलर म्हणतात. तिच्यावरील १० × ५० या आकड्यांचा अर्थ वर्धन दहापट व भिंगे ५० मिलिमीटर व्यासाची. भिंतीस वा खांबास टेकून धरल्यास तीतून चंद्रावरील मोठी विवरे, गुरूचे चंद्र, कृत्तिकांचा पुंज आणि सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका दिसते. शिवाय दिवसा पक्षी पाहण्यासही ती उपयोगी पडते. ज्या कुटुंबास एकदाच व थोडाच खर्च करणे शक्य आहे, त्यास हीच सुचवावी.

तिसरी पायरी ७० मिलिमीटर व्यास व ७०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या भिंगाच्या दुर्बिणीची. तीतून शुक्राच्या कला, गुरूवरील पट्टे व शनीची कडी दिसतात. २०२५ साली ही कडी पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसली. त्यानंतरच्या वर्षांत ती पुन्हा क्रमाने उघडत जातात.

चौथी पायरी ११४ ते १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीची. हिची बैठक साध्या फळ्यांच्या पेटीची असावी. ही पद्धत जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केली. १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात दाखल झाले होते. टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवून रस्त्यावरील लोकांस आकाश दाखविणे हा त्यांचा पुढे आयुष्यभराचा व्यवसाय झाला. या प्रकारात बैठकीवर खर्च थोडा होतो व पैसा आरशाच्या व्यासास मिळतो. मात्र नाभीय अंतर एक मीटर लिहिलेले आणि नळी जेमतेम अर्धा मीटर, अशी आरशाची स्वस्त दुर्बीण टाळावी. तिच्यात जादा भिंग घालून अंतर वाढविलेले असते व प्रतिमा बहुधा स्पष्ट येत नाही.

५. खरेदीपूर्वीची परीक्षा

शक्य तेथे पैसे देण्यापूर्वी दुर्बिणीतून पाहावे. दिवसा दूरच्या देवळाचा कळस रेखीव दिसला पाहिजे. रात्री तारा बिंदूवत झाला पाहिजे. नेत्रिका सव्वा इंच व्यासाच्या नळीत बसणारी असावी, म्हणजे पुढे दुसरी सहज मिळते. हौशी मंडळांच्या आकाशदर्शनास जाऊन निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहिल्यास निवड सोपी होते. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली याच हौशी अभ्यासकांसाठी स्थापन झाली.

६. अत्यंत महत्त्वाची सूचना

दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. डोळ्याच्या पडद्यास वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा झाल्याचे मुलास कळेपर्यंत दृष्टी गेलेली असते. स्वस्त दुर्बिणीबरोबर नेत्रिकेवर बसविण्याची काळी काच मिळते. ती उष्णतेने तडकते; म्हणून ती प्रथमच काढून फोडून टाकावी. दिवसा दुर्बीण पालकांच्या ताब्यात, झाकण लावून असावी. सूर्यबिंब दाखवावयाचे झाल्यास पुठ्ठ्यास सूचिछिद्र पाडून त्यातून कागदावर पाडावे.

७. वापर व जतन

चंद्र पाहण्यास शुक्ल चतुर्थी ते दशमी हे दिवस उत्तम. त्या वेळी उजेड व अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेस चंद्र सपाट भासतो. पावसाळ्यात भिंगास बुरशी लागते. दुर्बीण कोरड्या डब्यात ठेवावी. भिंग धोतराने वा पदराने पुसू नये. धूळ फुंकणीने उडवावी.

वर्गासाठी उदाहरणे

(१) नाभीय अंतर ९०० मिलिमीटर व नेत्रिका २० मिलिमीटर असल्यास वर्धन किती?

(२) एका दुर्बिणीचा व्यास ५० मिलिमीटर असून तिच्यावर "६०० पट" असे छापले आहे. दुसरीचा व्यास ७० मिलिमीटर असून तिच्यावर असा कोणताही दावा नाही. दोन्ही भिंगांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा. पहिलीचे उपयोगी वर्धन जास्तीत जास्त किती? किंमत सारखीच असल्यास कोणती घ्यावी, ते कारणासह लिहा व घरी वाचून दाखवा.