टाचेवरचा डाग दाखवून ये

खोपोली

चि. बाळू,

काल वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, बाळूच्या टाचेवर काळा डाग आहे, आवणीच्या आधी एवढासा होता, आता वाढलाय, आणि तो कुरूप समजून ब्लेडनं तासतोय. मला रात्रभर झोप नाही. अरे, ते कुरूप आहे हे तुला कुणी सांगितलं? मेडिकलवाल्यानं पट्टी दिली, तू चिकटवलीस, आणि वर ब्लेड! आईला लंगडताना दिसतोस आणि विचारलं की चिडतोस.

कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो, असं तू तिला ऐकवलंस म्हणे. अर्धंच खरं आहे ते. सावळा रंग उन्हापासून राखतो, म्हणून आपल्याकडे तो कमी. पण तळपाय, तळहात, नखाखालची जागा, जुना व्रण, इथल्या कॅन्सरला ऊन लागत नाही. तुझ्या टी-शर्टवर तो जटावाला गायक बॉब मार्ली आहे ना? १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा, म्हणजे कातडीचाच कॅन्सर, सापडला. फुटबॉल खेळताना लागलेलं असेल, असंच आधी वाटलं होतं. अंगठा काढायला तो तयार झाला नाही. १९८१ च्या मे महिन्यात गेला, वय अवघं ३६. म्हणून सांगते, टाच दाखव.

तू माझ्या आजीला पाहिलं नाहीस. जन्मभर लुगडं, कमरेला घट्ट गाठ. तिथे काळा वळ पडला होता, पुढे त्याची जखम झाली. ती हळद-खोबरेल मागायची, मी वाटी हातात द्यायची आणि पळायची. एकदाही वाकून बघितलं नाही. ती जखम कशाची, ते कुणाला कळलंच नाही, कारण डॉक्टरला कधी दाखवलीच नाही. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायांची हकिगत छापली. एकीची परकराची नाडी घट्ट, दुसरी चाळीस वर्षं लुगडं आवळून नेसणारी. दोघींच्या कमरेची जखम भरेना आणि तिथेच कॅन्सर निघाला. ते वाचलं आणि आजी डोळ्यापुढे उभी राहिली. वहिनीला नाडी सैल बांधायला सांग. आणि दादाच्या नडगीवर राब भाजताना पोळल्याचा व्रण आहे, तो अधूनमधून फुटतो का, तेही बघ. भाजल्याच्या जुन्या व्रणातही वर्षानुवर्षांनी हा रोग उठतो.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून अंग बघायचं. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, कानामागे, कंबर. पाठ आरशात किंवा घरच्या माणसाकडून. तीळ किंवा डाग दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कडा वेड्यावाकड्या, एकात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा बदलतोय, यातलं काही दिसलं की दाखवायचं. एकाच नखात काळी रेघ उठून रुंद होत असेल, तर तेही. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम घरी ठेवायची नाही. आणि तासायचं तर मुळीच नाही. वरचं निघून जातं, रक्त येतं, आणि खरं काय आहे ते डॉक्टरलाही ओळखता येत नाही.

फार बोलले का रे? तू शेत, गुरं, दादाचं दुखणं सगळं एकट्यानं ओढतोस, हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या पायाकडे बघायला सवड कुठली! बहुधा ते कुरूपच असेल. तसं निघालं तर मी कर्जतच्या बाजारातून पेढे घेईन. आणि दुसरं काही निघालं तरी लवकर सापडलं तर तेवढा भाग काढून माणूस पुन्हा शेतात उतरतो. उशीर झाला की मात्र जांघेत अवधाण येतं आणि रोग पुढे सरकतो. भीती एवढ्या उशिराचीच आहे.

आधी उपजिल्हा रुग्णालयात दाखवू, तिथून कातडीच्या डॉक्टरकडे. तुकडा तपासायला द्यायला सांगितलं तर हो म्हणायचं. पुढे गरज पडली तर परळचं टाटा रुग्णालय आहे, कर्जतहून लोकलनं जाता येतं. पैशांचं मी बघेन, दादाला त्यातलं काही सांगू नकोस.

सोमवारी सकाळच्या लोकलनं मी खोपोलीहून कर्जतला उतरते. तू स्टेशनवर ये, दोघं मिळून जाऊ. तोवर ब्लेड लावू नकोस, बाळा, एवढं माझं ऐक.

तुझी
आत्या