आधी लघवीची तपासणी, मग अँटिबायोटिक



"लेकराला उन्हाळी लागली" हे वाक्य आपल्या जिंतूर भागात उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येतं. पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ होते, हे खरंच. पण सोबत ताप, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला जावं लागणं असेल, तर तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो. शाळेत दिवसभर लघवी रोखून धरणाऱ्या मुलींना हा धोका जास्त असतो.

अशा वेळी घरात उरलेली गोळी देऊ नका. हा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूमुळे होतो. तो त्या गोळीला दाद देत नसेल, तर संसर्ग किडनीपर्यंत पोचू शकतो.

कल्चर तपासणी म्हणजे काय?
लघवीतले जंतू काचेच्या ताटलीत वाढवतात. त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते औषध चालणारं. रिपोर्टमध्ये औषधापुढे 'एस' असेल तर जंतू त्याला दबतो, 'आर' असेल तर दबत नाही.

अडचण वेळेची
या तपासणीला साधारण दोन-तीन दिवस लागतात. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला, तर आणखी उशीर. तोपर्यंत डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. म्हणूनच झटपट चाचण्यांवर जगभर काम चालू आहे. २०२४ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या 'पीए-१००' या चाचणीला ८० लाख पौंडांचं लाँगिट्यूड पारितोषिक मिळालं. अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवीत जंतू आहेत का, हे ती १५ मिनिटांत सांगते. कोणतं औषध चालेल, हे ४५ मिनिटांत. आपल्या पुण्यातही मॉड्यूल इनोव्हेशन्स या कंपनीने मूत्रसंसर्गाचे जंतू ओळखणारी, क्रेडिट कार्डाएवढी 'यूसेन्स' चाचणी तयार केली आहे.

आपण काय करायचं?
• अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी "लघवीचं कल्चर करायचं का?" असं डॉक्टरांना विचारा.
• सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घ्या आणि लगेच लॅबला पोचवा.
• मुलाला ताप, उलटी असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. नमुना देऊन डॉक्टर सांगतील ते औषध लगेच सुरू करा. रिपोर्ट आला की पुन्हा दाखवा. औषध बदलावं लागू शकतं.
• बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका.

आणि शिक्षक मित्रांनो, तास चालू असताना मुलाने लघवीला जायचं म्हटलं, तर त्याला जाऊ द्या. शाळेचं स्वच्छतागृह स्वच्छ ठेवणं, तिथे पाणी असणं, हेही आपलंच काम आहे.