परसातील औषधी झाडे व त्यांचे काम

परसात चार औषधी झाडे लावावीत, असे आम्ही मंडळीतील मायबहिणींस वारंवार सांगत आलो आहोत. त्यावर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतात, "आता दवाखाना जवळ आला, मग पाल्याची गरज काय?" दुसरे म्हणतात, "पाला दारात आहे, मग दवाखान्याची गरज काय?" हे दुसरे उत्तर आम्हांस अधिक काळजीत टाकते. ह्यास्तव झाडे कोणती लावावीत व त्यांपासून काय करावे हे सांगताना त्यांचे काम कोठे थांबते हेही ह्या पाठात सांगू.

प्रथम अडुळसा घ्या. ज्या गावी उन्हाळ्यात प्यावयाचे पाणी टँकरने येते, तेथेही मोरीच्या पाण्यावर हे झुडूप तगून राहते. पान कडू असल्यामुळे शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून कुंपण नसलेल्या घरासही ते परवडते. त्याच्या पानात वासिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले, व डॉक्टर ते आजही देतात. आपल्या आजीबाईंचे सांगणे निराधार नव्हते तर! परंतु त्याच वासिसिनाने गर्भाशयही आकुंचन पावतो. म्हणून गरोदर स्त्रीने अडुळसा मुळीच घेऊ नये. झाडपाल्याने गुण न आला तरी अपाय होत नाही, असे जे सर्रास म्हटले जाते ते खोटे आहे. ज्यात गुण देण्याची शक्ती आहे, त्यात अपाय करण्याचीही आहे.

मोठ्या माणसाच्या काढ्यास अडुळशाची दोन-तीन पाने पुरतात. ती स्वच्छ धुऊन चिरावीत, चार पेले पाण्यात घालून मंद विस्तवावर एक पेला उरेपर्यंत आटवावीत, मग गाळून गूळ घालावा. बिनकल्हईचे पितळी भांडे घेऊ नये. काढा त्याच दिवशी संपवावा. उरलेला ओतून द्यावा. लहान मुलांस तो डॉक्टरांस विचारल्यावाचून देऊ नये. गुळाऐवजी मध चालतो, पण एक वर्षाच्या आतील बालकास मधाचे बोटही चाटवू नये. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात. ती तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात व त्याचे अंग लुळे पडते. जन्मलेल्या मुलास मध चाटविण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ती प्रेमाची आहे खरी, परंतु ती सोडलीच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. काढ्याने घसा मऊ पडतो, खोकल्याची ढास कमी होते, व नेमके ह्यामुळेच माणूस फसतो. आमच्या फेरीतील एका गावी एक शेतमजूर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत काढाच घेत राहिला. रोज थोडे बरे वाटे, म्हणून तो दवाखान्यात गेला नाही. शेवटी थुंकीत रक्त दिसले, व तपासणीत क्षय निघाला. तोपर्यंत त्याच खोलीत निजणाऱ्या त्याच्या मुलीसही तो लागला होता. दोघेही औषधाने बरी झाली. परंतु चार महिने व्यर्थ गेले, आणि मुलीचे शाळेचे वर्ष गेले. म्हणून ध्यानात ठेवावे की खोकला दोन आठवडे टिकला की काढा पुरे. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी तेथे फुकट होते व क्षयाचे औषधही फुकट मिळते. थुंकीत रक्त दिसल्यास दोन आठवडेही थांबू नये. लहान मुलाच्या बाबतीत तर खोकल्यापेक्षा श्वासाकडे पाहावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत 60, एक वर्षापर्यंत 50, व पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक भरल्यास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, चुलीवर काही न ठेवता त्याच घटकेस दवाखाना गाठावा.

इतर झाडांविषयी थोडक्यात. गवती चहाचा एक गड्डा बांधावर लावला की माती धरून ठेवतो, व सकाळच्या चहास वास देतो. पानओवा कुंडीतही येतो. त्याच्या पानांची भजी मुलांस औषध न वाटता आवडतात. कोरफडीचे पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो, तो निथळू द्यावा, कारण तो जबर रेचक आहे. आतील गर किरकोळ भाजल्यावर लावावा, तोही आधी वीस मिनिटे भाजलेल्या जागेवर गार पाणी सोडल्यावर.

जे झाड आपण स्वतः लावले, त्याचीच ओळख पक्की असते. दुष्काळात एलीशाच्या मंडळीतील एकाने रानवेलीची फळे पदरात भरून आणली व न ओळखता हंड्यात चिरून टाकली, हे आपण 2 राजे ह्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात वाचतो. तशीच भीती आजही आहे. 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी, करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की गुळवेल निर्दोष आहे. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद कोणत्याही बाजूने सुटो, कुंपणावरून कोणी तोडून दिलेली वेल उकळून पिणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही.

माक्याचे तेल मात्र घरोघरी व्हावे. माका ओलीच्या जागी आपोआप उगवतो; फूल पांढरे, व पाला चुरडला की बोटे काळी होतात. एक वाटी खोबरेल तेलास चार वाट्या रस व पाव वाटी वाटलेला पाला, हे जुने प्रमाण आहे. मोठ्या पातेल्यात मंद विस्तवावर रस आटवावा. पाल्याची बोटांत वळून वात होऊ लागली, व ती वात विस्तवात धरल्यास तडतडली नाही, म्हणजे पाणी गेले असे समजावे. पाणी राहिल्यास तेल टिकत नाही. ह्याने टक्कल भरते असे आम्ही म्हणत नाही. विकतच्या रंगीत तेलाचे पैसे वाचतात, एवढे खरे.

काही भगिनी विचारतात की हे तेल व काढे विकावेत काय? 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे विक्रीसाठी अशा वस्तू करण्यास परवाना लागतो, म्हणून त्या घरापुरत्याच ठेवाव्यात. रोपे मात्र शेजारणीस खुशाल द्यावीत. पहिला पाऊस पडला की अडुळशाच्या बोटाएवढ्या जाड फांदीचे वीतभर तुकडे करून, दोन डोळे मातीत व दोन वर राहतील असे सावलीत खोचावेत.