फाईलचा पूर्वेतिहास

खोडून पुन्हा लिहिलेल्या निबंधाचें पूर्वरूप सहसा हातीं राहत नाहीं. संगणकावरील फाईलचें पूर्वरूप मात्र जपतां येतें. लिनस टॉरवल्ड्स यांनीं २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं निर्मिलेल्या 'गिट' या साधनाची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

बदल पुरा झाला, कीं 'गिट कमिट' या आज्ञेनें त्याची नोंद करावी. पुढें टर्मिनलवर 'गिट लॉग' असें रोमन अक्षरांत लिहून फाईलचें नांव दिलें, म्हणजे तिच्या नोंदी दिसतात. नवी आधीं, जुनी मागाहून. प्रत्येक नोंदींत बहुधा ४० अक्षरांची खूण, लेखकाचें नांव, दिनांक व त्यानें लिहिलेला खुलासा असतो. नांवापूर्वीं '-पी' जोडल्यास गाळलेल्या ओळी उणे चिन्हानें व घातलेल्या अधिक चिन्हानें दर्शविल्या जातात. फाईलचें नांव बदललें असेल, तर '--फॉलो' जोडावें. जुन्या नांवाचा इतिहासही मिळतो.

काय बदललें, हें यंत्र सांगतें. कां बदललें, हें लिहिणाऱ्यानेंच सांगावें लागतें. नुसतें 'दुरुस्ती' लिहिल्यास वर्षानें आपणांसही त्याचा बोध होणार नाहीं. 'व्याजाचा दर ४ ऐवजीं ५ हवा होता' असें लिहिल्यास परका मनुष्यही तें काम पुढें नेईल. म्हणून नोंद करतांना आपण उद्यांच्या वाचकास उत्तर देत आहों, हें ध्यानीं ठेवावें.