टाकलेले पिल्लू आणि आपले कर्तव्य

शास्त्रपाठ : ईयोब ३९:१-४; यिर्मया १४:५; निर्गम २३:५; लेवीय २२:२७; नीतिसूत्रे १२:१०

संडे स्कूलच्या मुलाने जमिनीवर सापडलेले पाखराचे पिल्लू ओंजळीत घेऊन यावे आणि "याच्या आईने याला टाकले, आता काय करायचे?" असे विचारावे, हा प्रसंग पुष्कळ शिक्षकांना येतो. खानदेशातून सुरतेस येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांची गावाकडे अजून शेळी-गाय आहे. त्यांच्यापुढेही हा प्रश्न येतो. दयेने हात पुढे करावा, की सृष्टीच्या क्रमात ढवळाढवळ करू नये? याचा आपण क्रमाने विचार करू या.

१. खरोखरच टाकले आहे काय?

सुरत जिल्ह्यात मांडवी, महुवा या बाजूंना उसाच्या फडात बिबटे राहतात. ऊसतोडीच्या वेळी मजुरांना बछडे दिसतात आणि मादी त्यांना सोडून गेली असे वाटते. परंतु बहुधा ती पिल्ले लपवून शिकारीस गेलेली असते, किंवा माणसांच्या गलबल्यामुळे दूर थांबलेली असते. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात वनखाते आणि माणिकडोह येथील बिबट्या केंद्राचे डॉक्टर असे बछडे तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. पुष्कळदा मादी रात्री येऊन त्यांना तोंडात धरून नेते. जो बछडा दयेपोटी घरी नेला जातो, त्याची आई मात्र रिकाम्या फडाभोवती फिरत राहते.

पाखरांचेही असेच आहे. पंख फुटलेले पिल्लू काही दिवस जमिनीवर उड्या मारते आणि आईबाप त्याला तेथेच चारतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत बहुतेक पाखरांच्या बाबतीत खरी नाही. म्हणून प्रथम दूर उभे राहून पाहावे. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर पिल्लू जवळच्या झुडपावर ठेवावे. पिसे न फुटलेले असेल तर घरट्यात परत ठेवावे.

२. आई का टाकते?

यिर्मया हरिणीचे चित्र दाखवतो. ती पाडसाला सोडून जाते, आणि कारणही तेथेच दिले आहे : अवर्षणाने गवत उरलेले नाही. भूक, आजार, पहिले वेत, कासदाहाची वेदना, जुळी पिल्ले, माणसांची गडबड अशी कारणे असतात. मेंढी व्याल्यावर पहिल्या एकदोन तासांतच आपल्या कोकराचा वास ओळखू लागते. तेवढ्यात ताटातूट झाली तर ती त्याला परके समजून ढुशी मारते. तेव्हा मुक्या आईला निर्दय म्हणण्यापूर्वी तिच्या अडचणीकडे पाहावे. बाळंतपणानंतर मन खचलेल्या एखाद्या भगिनीला "जनावरसुद्धा पिल्लाला जवळ घेते" असे टोचून बोलणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

३. दावणीचे जनावर

जे जनावर आपण दावणीला बांधले, त्याच्या बाबतीत बाजूला राहण्याची मोकळीक आपल्याला नाही. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडले तरी मदत करावी असे नियमशास्त्र सांगते, मग स्वतःच्या करडाचे काय? वासरू-करडाला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातून मिळते, आणि सुमारे २४ तासांनंतर आतडे ती शोषून घेत नाही. म्हणून पहिल्या दोन तासांतच चीक पाजावा. आईला धरून पिल्लू सडाला लावावे, कास दुखते का पाहावे, नाहीतर दुसऱ्या व्यालेल्या जनावराचा चीक द्यावा. पिल्लाला कायमचे वेगळे काढणे हा शेवटचा उपाय आहे. गुजरातेत १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

येथे स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. काही गोठ्यांत नर पारडू दूध देणार नाही म्हणून अर्धपोटी ठेवतात. त्याची आई त्याच्यासाठी हंबरत असते. टाकणारा कोण, आई की मालक? नियमशास्त्राने वासराला आईजवळचे पहिले सात दिवस राखून दिले आहेत.

४. रानातले आणि पिंजऱ्यातले

रानातल्या हरिणी कधी वितात हे तुला ठाऊक आहे काय, असे देव ईयोबाला विचारतो. रान आपल्या हिशोबावर चालत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याचा बछडा घरी ठेवणे गुन्हा आहे. वनखात्याला कळवावे.

पिंजऱ्यातील प्राण्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात २००६ साली पांढऱ्या अस्वलीने दोन पिल्ले टाकली. एक मेले, आणि क्नुट नावाचे दुसरे माणसांनी बाटलीने वाढवले. असे वाढवणे योग्य की अयोग्य, यावर मोठा वाद झाला. क्नुट २०११ साली मेंदूच्या विकाराने मेला. २००८ च्या आरंभी न्यूरेंबर्गच्या संग्रहालयाने हस्तक्षेप न करण्याचे ठरवले होते. तेथील एका अस्वलीची पिल्ले नाहीशी झाली, तिनेच ती खाल्ली असावीत. मग दुसरीचे पिल्लू काढून घेऊन वाढवले गेले. आम्हांला वाटते, जेथे पिंजरा माणसाने बांधला, तेथे "निसर्गाचा क्रम" एवढे उत्तर पुरत नाही. पण उचललेल्या पिल्लाला पुढे आपल्या जातीत राहता येईल काय, हेही त्याच दिवशी विचारात घेतले पाहिजे.

दया म्हणजे केवळ उचलून घेणे नव्हे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असा नीतिसूत्रांचा आशय आहे. ही काळजी कधी रात्रभर बाटली धरून बसते, तर कधी दहा पावले मागे सरून आईची वाट पाहते.

वर्गात चर्चेसाठी :
१. पिल्लू उचलण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात?
२. दावणीच्या आणि रानातल्या जनावराविषयी आपले कर्तव्य वेगळे का?
३. आपल्या गावी कोणते पिल्लू आईने नव्हे, तर माणसाने टाकलेले आहे?