भाभीची गोळी

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. घरामागे नारळ-सुपारीची बाग आहे. माडांच्या सावलीत माती नेहमी ओलसर असते. भाभी तिथे रोज अनवाणी काम करी. घरातील लहान मुले बागेच्या कडेलाच शौचाला बसत.

भाभी गरोदर होती. तिला तिसरा महिना चालू होता. तिचा चेहरा फिकट दिसू लागला. चार पावले चालली की तिला धाप लागे. एके दिवशी ती विहिरीजवळ चक्कर येऊन खाली बसली.

"पोटात जंत झाले असतील," दादी म्हणाली. तिने मला जंताची गोळी आणायला दुकानात पाठवले. वाटेत आशाताई भेटल्या.

"आम्हांला शाळेत मिळते तीच गोळी ना?" मी विचारले.

"हो, पण भाभीला आत्ता देऊ नका," त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव तयार होतात. तेव्हा ही गोळी देत नाहीत. उद्या भाभीला आरोग्य केंद्रात घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी भाभीचे रक्त व शौच तपासायला दिले. हिमोग्लोबिन 8.6 ग्रॅम निघाले. गरोदर स्त्रीचे ते निदान 11 ग्रॅम असावे लागते. शौचात अंकुशकृमीची अंडी दिसली.

"हे जंत आले कुठून?" मी विचारले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "जंत असलेले माणूस उघड्यावर शौचाला बसले, की जंतांची अंडी मातीत पडतात. ओल्या मातीत त्यांतून अळ्या निघतात. त्या अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि शेवटी आतड्यात पोहोचतात. तिथे सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे जंत होतात. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. आईचे रक्त कमी झाले, की बाळ कमी वजनाचे होऊ शकते. बाळंतपणात आईच्या जिवालाही धोका असतो."

तीन महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळीही दिली. घरी आल्यावर भाभी ती हातात धरून बसली.

"माझ्या बाळाला काही झाले तर?" तिचे डोळे भरून आले. दादीही म्हणाली, "राहू दे, बेटी."

आशाताई शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा मीच 'नको' म्हणाले होते. आज मीच 'घ्या' म्हणते. गोळी तीच आहे, वेळ बदलली आहे. आता जंत पोटात ठेवण्यातच धोका आहे."

भाभीने बिस्मिल्ला म्हणून गोळी घेतली. लोहाच्या गोळ्याही तिने रोज घेतल्या. अब्बांनी सर्वांसाठी चपला आणल्या. मुलांना संडासात बसण्याची व नंतर साबणाने हात धुण्याची सवय लावली. हळूहळू भाभीचे हिमोग्लोबिन वाढले. पुढे तिला गुटगुटीत मुलगी झाली.

आता मी अनवाणी बागेत निघाले, की दादीच ओरडते, "अगं, चपला!"

शब्दार्थ : अनवाणी – पायांत चपला न घालता, अंकुशकृमी – आतड्यात राहून रक्त पिणारा जंत, गुटगुटीत – निरोगी व भरलेल्या अंगाची.

स्वाध्याय
1. आशाताईंनी आधी 'नको' आणि नंतर 'घ्या' असे का म्हटले?
2. अंकुशकृमी शरीरात कसे शिरतात?
3. तुमच्या घरी जंत टाळण्यासाठी काय कराल? पाच वाक्ये लिहा.